हुकूम, हकीम, हिकमत : एका अरबी धातूविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी माणसांना अरबी शिकवताना मी पहिल्या दिवशी फळ्यावर तीन शब्द लिहिते: हुकूम, हकीम, हिकमत. तिन्ही आपल्या रोजच्या बोलण्यातले, पण हे तिघे सख्खे आहेत असं सहसा कुणाच्या मनात आलेलं नसतं. तिघांच्याही पोटात तीच तीन व्यंजनं आहेत, ह-क-म. एकदा हे दिसलं की पुढे प्रश्नांची रांगच लागते, आणि ते दर वर्षी साधारण तेच असतात. अरबी लिपी येत नसली तरी खालचं सगळं समजेल.

अरबीतला धातू म्हणजे आपल्या ‘बस’, ‘कर’, ‘जा’सारखाच का?

नाव तेच वापरतो, पण वस्तू वेगळी. मराठीतला ‘बस’ तोंडाने म्हणता येतो. त्याला शेपूट जोडत गेलं की बसतो, बसला, बसवला असे शब्द होतात आणि ‘बस’ जवळपास जसाच्या तसा राहतो. अरबीचा धातू म्हणजे फक्त व्यंजनं, बहुतेक वेळा तीन. स्वर नाहीत, म्हणून त्याचा उच्चारच करता येत नाही. ह, क, म ही अक्षरं ठरलेल्या क्रमाने उभी असतात आणि त्यांच्या मधल्या फटींत स्वर भरले की शब्द तयार होतो: हुक्म, हाकिम, हकीम, हिकमा. कधी पुढे ‘म’ किंवा ‘त’ लागतो, कधी मधलं व्यंजन दुप्पट होतं. व्यंजनं अर्थाचं कूळ सांगतात आणि स्वरांचा साचा त्या कुळातलं नातं सांगतो. करणारा कोण, ज्याच्यावर झालं तो कोण, जिथे होतं ती जागा कुठली, हे साच्यावरून कळतं.

साचे ओळखायला खूप अरबी यावं लागतं का?

मुळीच नाही. तलाठी कार्यालयात एकदा जाऊन आलेल्या माणसाला निम्मे साचे माहीत असतात.

‘बोलून काय हशील?’ यातला हशील, सरकारचा महसूल आणि गावाची तहसील हे तिन्ही शब्द ह-स-ल या एकाच धातूचे आहेत. त्याचा अर्थ गोळा होणं, हाती येणं. मूळ अरबी रूपं हासिल, महसूल, तहसील. आता याच साच्यांत ह-क-म ओतून पाहा. हासिलच्या साच्यात हाकिम, म्हणजे हुकूम चालवणारा. महसूलच्या साच्यात महकूम, म्हणजे ज्याच्यावर हुकूम चालतो किंवा ज्याच्याविरुद्ध निकाल लागला आहे असा. तहसीलच्या साच्यात तहकीम, म्हणजे वाद कुणा तिसऱ्याच्या निवाड्यावर सोपवणं.

नजर, नाझर आणि मंजूर यांचंही तसंच. नाझर म्हणजे पाहणारा. मंजूर म्हणजे पाहिला गेलेला, नजरेखालून गेलेला, आणि त्यावरून मान्य झालेला. हे सगळे साचे आपण शतकानुशतकं तोंडात घोळवतो आहोत.

मग ह-क-म या धातूचा मूळ अर्थ काय?

या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त वेळ देते.

इब्न फारिस नावाचा एक थोर कोशकार होऊन गेला. १००४ साली तो वारला. शेवटची वर्षं त्याने आजच्या तेहरानजवळच्या रय या शहरात काढली. प्रत्येक धातूच्या सगळ्या शब्दांमागे एखादा मूळ अर्थ सापडतो का, हे त्याने आपल्या कोशात चिकाटीने तपासलं. ह-क-मबद्दल तो लिहितो की याचं मूळ एकच आहे, ‘अल-मनअ’. आणि पहिला शब्द हुक्म, म्हणजे ‘अल-मनअ मिनज़् ज़ुल्म’.

हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. मनअ म्हणजे आपली मनाई. ज़ुल्म म्हणजे आपला जुलूम. हजार वर्षांपूर्वीच्या अरबी कोशातली व्याख्या मराठीत भाषांतर न करताच समजते: हुकूम म्हणजे जुलमाला मनाई. आपण हुकूम म्हणताना वरून खाली आलेली आज्ञा डोळ्यांपुढे आणतो. त्या कोशकाराला मात्र आधी दिसतो तो न्याय करणारा, जो दांडग्याचा हात धरतो.

पुढे तो घोड्याचं उदाहरण देतो. लगामाचा जो भाग घोड्याच्या जबड्याभोवती बसतो त्याला अरबीत हकमा म्हणतात, कारण तो जनावराला आवरतो. आणि हिकमा, म्हणजे शहाणपण? त्याचंही तेच, कारण ते माणसाला अज्ञानापासून रोखतं. उमय्या घराण्याच्या खलिफांच्या काळातला अरबी कवी जरीर एका ओळीत बनू हनीफा या टोळीला बजावतो की तुमच्यातल्या मूर्खांना आवरा, माझा राग अनावर होईल अशी मला भीती वाटते. तिथे ‘आवरा’साठी त्याने याच धातूचं क्रियापद वापरलं आहे. जुने कोशकार हा अर्थ पटवताना हीच ओळ पुढे करतात.

न्यायाधीश, लगाम आणि शहाणा माणूस या तिघांना जोडणारा धागा आवर घालण्याचा आहे. मला ही कल्पना फार सुंदर वाटते. शहाणपण म्हणजे डोक्यात भरलेली माहिती नसून सुटू पाहणाऱ्या मनाला आलेला आवर आहे, हे त्या भाषेच्या रचनेतच बसलेलं आहे.

हा अर्थ खरोखर मूळचा, की कोशकाराने मागाहून जुळवलेला?

अगदी रास्त शंका. अरबीच्या बहिणी काय सांगतात ते पाहिल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

हिब्रूत हाखाम म्हणजे शहाणा आणि होखमा म्हणजे शहाणपण. हीच तीन व्यंजनं, फक्त मधल्या ‘क’चा स्वरानंतर ‘ख’ झालेला. अरामी या आणखी एका बहिणीतही हाच धातू आहे आणि अर्थ शहाणपणाचाच. म्हणजे ‘शहाणा’ हा अर्थ अरबीच्या आधीपासूनचा, या भाषाकुळाच्या जुन्या ठेव्यातला दिसतो. हुकूम, निवाडा, राज्य चालवणं हा विस्तार मुख्यतः अरबीने केला. जो शहाणा त्याच्याकडे लोक भांडणं घेऊन जाणार, त्याने निवाडा दिला की तो पाळावा लागणार, असा प्रवास उलट दिशेनेही सहज पटतो.

मग लगाम आधी की शहाणपण आधी? तौलनिक पुराव्याचं पारडं शहाणपणाकडे झुकतं असं माझं मत. पण म्हणून इब्न फारिस चुकला असं मी म्हणणार नाही. त्याच्या काळच्या अरबी माणसाच्या मनात हे शब्द एकमेकांशी कसे बांधलेले होते, ते त्याने टिपलं. शब्दाचा जन्म कुठे झाला आणि बोलणाऱ्यांच्या मनात तो कुठे राहतो हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्ही विचारावेत, पण एकाचं उत्तर दुसऱ्याला देऊ नये.

जाता जाता एक गोष्ट. आपल्या रायगड जिल्ह्यातल्या बेने इस्रायली ज्यूंची घरची भाषा मराठी आणि प्रार्थनेची हिब्रू. त्यांच्या घरात हिकमत आणि होखमा या दोन बहिणी एका छपराखाली राहिल्या.

प्रत्येक धातूला असा एकच गाभा असतो का?

नाही. इंटरनेटवर ‘या धातूचा खरा अर्थ अमुक’ असं सांगणारं बरंच लिखाण फिरतं. ते जपून वाचावं. इब्न फारिस स्वतःच कित्येक धातूंखाली दोन, तीन किंवा त्याहून जास्त मुळं मान्य करतो. वेगवेगळ्या जुन्या धातूंची अक्षरं काळाच्या ओघात सारखी झाली, परभाषेतला शब्द आला आणि त्याला ओढूनताणून धातू जोडला गेला, असंही घडतं. धातूला मी व्याख्या मानत नाही. एका आडनावाची माणसं असतात तसं ते आहे. नातं शोधता येतं, पण आडनावावरून स्वभाव सांगता येत नाही.

हाकिम आणि हकीम यात फरक आहे का? मराठीत तर दोन्ही सारखेच ऐकू येतात.

मोठा फरक आहे. हाकिममध्ये ‘हा’ दीर्घ आणि ‘कि’ ऱ्हस्व. करणाऱ्याचा साचा, म्हणजे राज्यकर्ता किंवा न्यायाधीश. हकीममध्ये ‘ह’ ऱ्हस्व आणि ‘की’ दीर्घ. हा साचा अंगी मुरलेल्या गुणाचा आहे, म्हणून हकीम म्हणजे शहाणा. अल-हकीम हे अल्लाहच्या नव्याण्णव नावांपैकी एक आहे.

इजिप्तवर ९९६ ते १०२१ या काळात राज्य करणारा फातिमी खलिफा अल-हाकिम होता. कैरोच्या जुन्या तटाला लागून, बाब अल-फुतूह या वेशीपाशी त्याच्या नावाची विशाल मशीद आहे. कित्येक शतकं ती मोडकळीला आलेली होती. १९८०च्या सुमारास तिचा जीर्णोद्धार पूर्ण झाला; तो दाऊदी बोहरा समाजाने, त्यांचे धर्मगुरू सय्यदना मुहम्मद बुऱ्हानुद्दीन यांच्या पुढाकाराने केला. या समाजाचं मुख्य केंद्र आपल्या मुंबईत आहे.

दुसरीकडे दिल्लीचे हकीम अजमल खान (१८६८ ते १९२७). युनानी वैद्यकातलं मोठं नाव आणि १९२१च्या अहमदाबाद काँग्रेसचे अध्यक्ष. एकाच्या नावात सत्ता आहे, दुसऱ्याच्या नावात ज्ञान. फरक फक्त स्वरांच्या लांबीचा.

तुर्कीने ही जोडी फार नीट वेगळी ठेवली आहे. तिथे हाकिम म्हणजे न्यायाधीश आणि हेकिम म्हणजे डॉक्टर.

शहाणा माणूस डॉक्टर कसा झाला?

अरबीत वैद्याला खरा शब्द तबीब. पण त्या काळात वैद्यक हा तत्त्वज्ञानाचाच भाग मानला जाई. इब्न सीना (९८० ते १०३७) तर्कशास्त्रावरही लिहीत होता आणि नाडीवरही. असा सर्व विद्यांत रमलेला माणूस म्हणजे हकीम, आणि सामान्य लोकांचा त्याच्याशी संबंध यायचा तो आजारपणात. त्यामुळे लोकांच्या तोंडी हकीम म्हणजे औषध देणारा असाच अर्थ पक्का झाला. हिंदुस्थानात युनानी वैद्यकाबरोबर शब्द आला तो हाच अर्थ घेऊन, आणि मराठीत ‘वैद्य-हकीम’ अशी जोडी तयार झाली. ‘नीमहकीम’मधला नीम फारसी आहे, अर्थ अर्धा. कडुलिंबाशी त्याचा संबंध नाही. हा खुलासा मला दर वर्षी करावा लागतो.

इजिप्तमध्ये याचं स्त्रीलिंगी रूप हकीमा. १८३२ साली कैरोत बायकांना सुईणपण आणि प्राथमिक वैद्यक शिकवणारी शाळा सुरू झाली. तिथून बाहेर पडणाऱ्या स्त्रियांना हकीमा म्हणत. आणि गंमत पाहा, जुन्या हिब्रूतही सुईणीला ‘हाखामा’ म्हणजे शहाणी बाई म्हटलेलं आढळतं. दोन भाषांना बाळंतिणीच्या उशाशी बसलेल्या बाईसाठी एकाच धातूकडे वळावंसं वाटलं.

हिकमतीचा अर्थ मराठीत युक्ती असा कसा?

अरबीत हिकमा हा फार वजनदार शब्द आहे. कुराणात लुकमान या शहाण्या पुरुषाला हिकमा दिल्याचा उल्लेख आहे. बगदादच्या अब्बासी खलिफांच्या ग्रंथसंग्रहाला ‘बैत अल-हिकमा’, ज्ञानाचं घर, म्हणत. फारसीत हिकमत म्हणजे तत्त्वज्ञान आणि वैद्यक दोन्ही. उर्दूत हिकमत-ए-अमली म्हणजे धोरण, डावपेच.

मराठीत येईपर्यंत शब्द ग्रंथांतून उतरून हाताशी आला. ‘काहीतरी हिकमत कर’, ‘मोठा हिकमती गडी आहे’. अडलेलं काम सामान तुटपुंजं असतानाही पार पाडणारी अक्कल. काही जण म्हणतात, अर्थाची घसरण झाली. मला अजिबात तसं वाटत नाही. मोट नादुरुस्त झाली तेव्हा दोराच्या दोन वेढ्यांनी ती चालू करणाऱ्या शेतकऱ्याला लोकांनी हिकमती म्हटलं. त्याच्या अकलेला त्यांनी तोच शब्द दिला, जो बगदादमध्ये तत्त्वज्ञांना दिला जात होता. माझ्या मते हा मराठीने त्या शब्दाचा केलेला मानच आहे.

‘हुकमी एक्का’ आणि ‘हुकमी औषध’ यात कुणी कुणाला हुकूम करतं?

पत्त्यांच्या डावात जो रंग इतर तिन्हींना मारतो तो हुकूम, आणि त्याचा एक्का म्हणजे हुकमी एक्का. हिंदीत हुकुम म्हणजे नेमका इस्पिक रंग. मराठीत डावात जो ठरेल तो. मग अर्थ पसरला. सांगितल्यावर हटकून काम करणारं ते हुकमी: हुकमी औषध, हुकमी गोलंदाज, हुकमी मतं. इथे हुकूम देणारा बाजूला झाला आणि हुकूम पाळला जाण्याची खात्री तेवढी उरली. हुकमत मात्र सत्तेशीच राहिली, आणि हुकूमशहा, हुकूमशाही हे शब्द तर फारसी ‘शहा’ जोडून आपल्याकडे रुळले.

न्यायालयातले ‘मनाई हुकूम’ आणि ‘हुकूमनामा’ हे शब्द मूळ अर्थाच्या जवळचे आहेत का?

इतके जवळचे की मला त्यांचं फार अप्रूप वाटतं. शेजाऱ्याने हद्दीत बांधकाम काढलं की आपण दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागतो. ‘हुक्म म्हणजे मनअ’ असं इब्न फारिस म्हणाला होता. आपल्या न्यायालयांच्या भाषेत ते दोन्ही शब्द शेजारी शेजारी उभे आहेत, आणि कामही तेच करतात, जुलूम थोपवण्याचं.

हुकूमनामा म्हणजे दिवाणी दाव्याच्या निकालानंतर निघणारा अंमलबजावणीयोग्य आदेश. ‘नामा’ फारसी, म्हणजे लेख. शीख परंपरेत हुकमनामा वेगळा: गुरूंचे आज्ञापत्र, तसंच रोज गुरू ग्रंथसाहिब उघडून वाचलं जाणारं वचन. शिखांच्या पाच तख्तांपैकी एक आपल्या नांदेडला आहे, त्यामुळे तिथल्या माणसाला दोन्ही हुकूमनामे ओळखीचे असतात. गुरू नानकांच्या वाणीत हुकम म्हणजे साऱ्या सृष्टीला चालवणारी ईश्वरी आज्ञा. खालसा पंथाची पहिली दीक्षा घेणाऱ्या पंच प्याऱ्यांपैकी भाई मोहकमसिंग यांच्या नावातही हाच धातू आहे. मुहकम म्हणजे भक्कम.

‘भक्कम’ हा अर्थ कुठून आला?

आवळून बांधलेल्या वस्तूत बाहेरचं काही शिरत नाही. रोखणं हाच भाव, पण वस्तूच्या बाजूने. इहकाम म्हणजे पक्कं करणं, मुहकम म्हणजे पक्कं केलेलं. कुराणाच्या तिसऱ्या सूरेतल्या, म्हणजे अध्यायातल्या, सातव्या आयतीत ग्रंथातल्या काही आयतींना मुहकमात, म्हणजे पक्क्या अर्थाच्या, म्हटलं आहे आणि इतरांना मुतशाबिहात, म्हणजे ज्यांचा अर्थ एकाहून जास्त प्रकारे लावता येतो अशा. इस्तिहकाम म्हणजे मजबुती. तुर्कीत तो शब्द तटबंदीसाठी वापरतात.

महकमा म्हणजे कचेरी की कोर्ट?

अरबीत कोर्ट. पुढचा ‘म’ जागेचा साचा सांगतो: जिथे निवाडा होतो ती जागा. जसं किताबच्या धातूवरून मकतबा, पुस्तकांची जागा. उर्दूत मात्र महकमा म्हणजे सरकारी खातं. बंगालीत तोच शब्द मोहकुमा झाला आणि जिल्ह्याच्या उपविभागाला लावला गेला. दुबईत राहणारी मराठी मंडळी तिथल्या न्यायालयावर ‘महाकिम दुबई’ असं लिहिलेलं पाहतात. ते महकमाचं अनेकवचन आहे. सरकारी कागदांवर वर ‘हुकूमत दुबई’ असतं, म्हणजे दुबई सरकार.

पंचालाही याच धातूचा शब्द आहे म्हणतात, ते खरं का?

खरं. शब्द हकम. आज टीव्हीवर फुटबॉलचा सामना अरबी समालोचनासह ऐकलात तर शिट्टी वाजवणाऱ्याला हकम म्हटलेलं ऐकू येईल. पूर्वी तोच शब्द टोळ्यांची भांडणं मिटवणाऱ्या माणसाचा होता. मराठीत ‘पंच’ही असाच, गावच्या चावडीवरून मैदानात आलेला. कुराणाच्या चौथ्या सूरेत (आयत ३५) नवरा-बायकोत फूट पडण्याची भीती असेल तर एक हकम त्याच्या घरचा आणि एक तिच्या घरचा नेमावा असं सांगितलं आहे. आपल्याकडे अशा वेळी दोन्हीकडची वडीलधारी माणसं बसतात, ती हीच.

ही पदवी केवढी मोठी होती ते एका नावावरून कळतं. पैगंबरांचा मक्केतला कट्टर विरोधक अम्र इब्न हिशाम याला त्याचे लोक ‘अबुल हकम’ म्हणत, निवाड्याचा बाप. मुसलमानांनी त्याचं नाव ‘अबू जहल’ केलं, अज्ञानाचा बाप. धातू बदलून त्यांनी माणसाची सारी प्रतिष्ठा काढून घेतली.

आणि इस्लामच्या इतिहासातली एक मोठी फूट याच शब्दावर पडली. ६५७ साली, आजच्या सीरियातल्या रक्काजवळ, सिफ्फीनला चौथे खलिफा अली आणि सीरियाचा सुभेदार मुआविया यांची सैन्यं समोरासमोर होती. रक्तपात थांबवण्यासाठी वाद दोन हकमांवर सोपवायचं ठरलं. अबू मूसा अल-अशअरी आणि अम्र इब्न अल-आस हे ते दोघं. यालाच तहकीम म्हणतात. अलींच्याच बाजूचे काही लोक उसळले आणि त्यांनी घोषणा दिली: ‘ला हुक्म इल्ला लिल्लाह’, निवाडा फक्त अल्लाहचा. अलींचं उत्तर प्रसिद्ध आहे: शब्द खरा आहे, पण त्यातून साधायचं आहे ते खोटं. त्या फुटून निघालेल्यांना पुढे खारिजी म्हणू लागले.

हकम, हुक्म, तहकीम या तिन्ही शब्दांचा धातू एकच असल्यामुळे त्या घोषणेला अरबीत जी धार आहे ती भाषांतरात येत नाही. ‘पंच नेमू’ असं एकाने म्हणावं आणि ‘पंच फक्त देवच’ असं दुसऱ्याने ओरडावं, तशी ती ऐकू येत असणार.

हक्क, हकीकत, नाहक, हाक, हुकणे हेही याच कुळातले का?

एकही नाही. हक्क, हकीकत (आपली हकीगत) आणि नाहक यांचा धातू ह-क्-क्, आणि त्यातला ‘क’ वेगळा आहे. तो पडजिभेपाशी, घशात खोल उच्चारला जातो. मराठीने दोन्ही ‘क’ एकाच अक्षरात घेतल्यामुळे गोंधळ होतो. हाक, हाकणे, हाकलणे, हुकणे हे तर आपलेच शब्द, अरबस्तानाशी त्यांचा संबंध नाही.

ह-क-ममधला ‘ह’सुद्धा आपला नाही. चष्म्याची काच पुसण्याआधी तिच्यावर वाफ सोडताना घशातून जो ‘हाऽ’ येतो, त्याच्या जवळचा तो आहे. फारसीत येतानाच तो साधा झाला.

म्हणजे हे शब्द थेट अरबीतून आले नाहीत?

बहुतेक सगळे फारसीच्या दारातून आले. बहमनी, निजामशाही, आदिलशाही यांच्या कारभाराची लिखापढी फारसी वळणाची होती. शब्द एकेकटे आले. हुकूम दरबारातून, हकीम दवाखान्यातून, हिकमत कुठल्या तरी कारखान्यातून किंवा छावणीतून. धातूची ओळख मागेच राहिली, म्हणून मराठीत ते एकमेकांना ओळखत नाहीत. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला तो अशा शब्दांना संस्कृत पर्याय मिळावेत म्हणून. आज्ञा, आदेश हे शब्द आपल्याकडे आहेत आणि हवेतच. तरी हुकूम टिकला, कारण आज्ञा मोडली तर वाईट वाटतं आणि हुकूम मोडला तर शिक्षा होते, हा फरक मराठी कानाला हवा होता असं मला वाटतं.

आणखी कुठल्या भाषांत हे कूळ गेलं?

इंडोनेशियात हुकुम म्हणजे कायदा, हाकिम म्हणजे न्यायाधीश, आणि सर्वोच्च न्यायालय म्हणजे महकमा अगुंग. पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिलीत महाकामा कोर्ट, हाकिमू न्यायाधीश, हेकिमा शहाणपण. तुर्कीत सरकारला आजही हुकूमेत म्हणतात.

अरबीत या धातूवर नवे शब्द आजही होतात का?

होतात, आणि ते पाहणं मला सगळ्यात आवडतं. टीव्हीच्या रिमोटला लेखी अरबीत ‘दुरून तहक्कुम करण्याचं साधन’ म्हणतात. तहक्कुम म्हणजे ताबा. गेल्या काही दशकांत ‘हौकमा’ असा शब्द रुळला आहे, अर्थ संस्था किंवा कंपनी नीट, उत्तरदायी पद्धतीने चालवण्याची व्यवस्था. जुन्या कोशांत तो सापडणार नाही. पण तीन व्यंजनं आणि ओळखीचा साचा असल्यामुळे शिकल्या-सवरल्या अरबी माणसाला तो पहिल्यांदा ऐकतानाही साधारण कळतो.

अरबी कोशात शब्द शोधायचा कसा? मला ‘मुस्तहकम’ सापडतच नाही.

कारण तुम्ही ‘म’खाली शोधता आहात. हान्स वेर यांच्या कोशासारखे बहुतेक नामांकित अरबी कोश धातूनुसार लावलेले असतात. आधी साच्याची अक्षरं सोलून काढायची. ‘मु’ हा साच्याचा. ‘स्त’ हाही साच्याचा, इस्तिहकाममध्ये होता तोच. उरले ह, क, म. आता ‘ह’ काढा. अरबीत ‘ह’ दोन आहेत, त्यांतला मघाचा काचेवरच्या वाफेचा घ्यायचा. मग त्यात ‘क’, मग ‘म’. पानावर हुक्म, हिकमा, हाकिम, महकमा अशी सारी मंडळी एकत्र भेटतील. मुस्तहकम त्यांच्यातच कुठेतरी असेल. तो मिळाला तरी लगेच कोश मिटू नका. तिथेच जरा खाली-वर पाहिलंत तर घोड्याच्या जबड्याभोवतीचा तो हकमाही दिसेल.